दादा बलूनमध्ये, मी रांगोळीवर

आमच्या घरात दोन कलाकार आहेत. एक माझा चुलतभाऊ आणि दुसरा मी. असं मी म्हणतो. घरातले म्हणतात, कलाकार एकच आहे, दुसरा नुसता तोंड वेंगाडतो.

चुलतभाऊ माझ्यापेक्षा काही महिन्यांनीच मोठा, पण दादा म्हणायची सक्ती पाळण्यापासून. आमच्या जूचंद्र गावात रांगोळी काढणारे गल्लीगल्लीत आहेत, तरी दादाचं नाव निघालं की म्हातारी माणसंसुद्धा गप्प होऊन मान हलवतात. तो माणसांचे चेहरे काढतो. लांबून फोटो वाटतो. जवळ गेलं की कळतं, ही सगळी पावडर आहे, शिंकलात तर खेळ खलास. मी नकला करतो. हळदीत, सोसायटीच्या गणपतीत, कुणाच्या साखरपुड्यात, जिथे माईक मोकळा दिसेल तिथे. गिरणीवाला, पीटीच्या बाई, मिक्सर, रिव्हर्स घेणारा टेम्पो, सगळं काढतो. लोक पोट धरून हसतात. पण प्रदर्शनाच्या हॉलच्या बाहेर फ्लेक्सवर फोटो कुणाचा? त्याचा. काकी ताटात मासळीची तुकडी जास्तीची कुणाला वाढते? त्यालाच. मला म्हणते, "तू नको घेऊ, तुजा पोट बघ."

आता त्याच्या कामातली एक गोष्ट सांगतो. मोठी रांगोळी काढणारा माणूस कायम रांगोळीवर वाकलेला असतो. त्याला नाकाजवळ नाक दिसतं, कानाजवळ कान. अख्खा चेहरा एका वेळी दिसतच नाही. म्हणून एक माणूस उंच शिडीवर चढून ओरडायला लागतो. "डोळा खाली आलाय." "हनुवटी संपव, दाढी वाटतेय." तो माणूस म्हणजे मी. शाळेत असल्यापासून.

तुम्ही म्हणाल, दादा स्वतः का नाही चढत? चढतो. पण शिडी असते कडेला, रांगोळीच्या बरोबर वर नसते. त्यामुळे वरून बघितलं तरी चेहरा तिरका, लांबलेला दिसतो. मोबाईलमध्ये फोटो काढला तरी तेच. त्यातलं कुठलं तिरकं शिडीचं आणि कुठलं दादाचं, हे मला बरोबर कळतं. कसं कळतं ते मलाही माहीत नाही. दादाला कळत नाही. जगात मला येतं आणि दादाला येत नाही असं हे एवढंच आहे, आणि ते मी असं जपलंय जसं काकी देव्हाऱ्याची किल्ली जपते.

त्यामुळे डिसेंबरात दादा घरी येऊन म्हणाला, "भुईगावला बलूनचा मेळा होतोय, आपल्याला मोठी रांगोळी सांगितलीय," तेव्हा मी खूश झालो. पुढचं वाक्य ऐकलं आणि माझा घासच अडकला.

"पैसे नको बोललो त्यांना. बोललो, मला एकदा बलूनमधून वर सोडा. बरोबर डोक्यावरून बघायचाय मला माझा काम. एकदाच. माझ्या डोळ्यांनी."

काकीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "जा रं बाबा. आपल्या घरातला कोन गेलाय आतापर्यंत वर?"

"आजोबा गेले की," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही.

मला हसू येत नव्हतंच. एकदा याला वरून सरळ दिसलं की माझ्या शिडीचं काय? आज बलून आहे, उद्या आणखी काहीतरी येईल. मग मी काय करू, टेम्पोचा आवाज काढत बसू?

जानेवारीत आम्ही भुईगावला गेलो. वाड्यांमधून जाणारे ते अरुंद रस्ते, दोन्ही बाजूंना केळी, मध्येच एखादा क्रूस, आणि मग एकदम मोकळं मैदान. मंडपवाल्याने मैदानाच्या मधोमध प्लायवूड अंथरून, दवापासून वाचवायला वर ताडपत्रीचा मांडव टाकून दिला होता. दादाने विषय छान धरला होता. वसईची जुनी ख्रिस्ती आजी, लाल लुगडं, कानात ते वरपर्यंतचे दागिने, आणि डोक्यावर केळ्यांची टोपली. फक्त त्या टोपलीला दोऱ्या लावलेल्या आणि वर भलामोठा रंगीत बलून. म्हणजे आजीला बाजारात चालत जायचा कंटाळा आलाय.

मला आयडिया ऐकूनच जळायला झालं. मला का नाही सुचली?

दोन दिवस काम चाललं. दादा खाली चिमटीतून रंग सोडतोय, मी मांडवाच्या बांबूला टेकवलेल्या शिडीवर. भुईगावच्या बायका संध्याकाळी चर्चमधून येताना थांबायच्या. एक मावशी मला खालून म्हणाल्या, "काय रे, तू वर बसून काय करतोस?"

"मी साहेब आहे, मावशी. चुका काढतो."

"लग्न झालंय?"

"नाही."

"मग कुठे शिकलास?"

सगळ्या बायका हसल्या. दादा तर एवढा हसला की त्याला रांगोळीवरून बाजूला व्हावं लागलं. मी शिडीवरून ओरडलो, "हसतोस काय, आजीच्या डोळ्यात बघ, मोतीबिंदू झालाय! ऑपरेशन कर!" आणि खरंच बुबुळात पांढरा जास्त पडला होता. दादाने लगेच खाली वाकून नीट केला. शिडीचं सुख ते हे.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवल्यावर आम्ही म्युझियम बघायला गेलो. म्युझियम म्हणजे मैदानाच्या कडेला एक लांब तंबू. आत वेताची जुनी टोपली, काळा पडलेला बर्नर, हात लावून बघायला बलूनच्या कापडाचा तुकडा, आणि भिंतीवर चित्रं. एका चित्रात फ्रान्सचा राजा, त्याची माणसं आणि वर चाललेला बलून. खाली लिहिलं होतं, बलूनमधून सगळ्यात पहिल्यांदा गेलेले प्रवासी म्हणजे एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा.

मी ते तीनदा वाचलं.

"कोंबडा," मी म्हणालो. "कोंबड्याचा नंबर लागला."

"लागला असंल," दादा म्हणाला.

"आणि बदकाला कशाला नेलं? त्याला तसंही उडता येतं! वशिला असणार. मेंढीच्या घरी चुलत भाऊ असेल ना एक, तोपण गावात बसून हेच बोलला असेल."

मी तिथेच राजा काढला, मेंढी काढली, आणि वर जाता जाता खाली राहिलेल्या नातेवाइकांना टाटा करणारा कोंबडा काढला. तंबूत गर्दी जमली. दादा कोपऱ्यात हसत उभा. शेवटच्या बोर्डावर बलून कसा फुगवतात त्याची चित्रं होती, पण त्याच्यासमोर एक कुटुंब सेल्फी काढत होतं, आणि तोपर्यंत माझा खेळ रंगात आला होता. तो बोर्ड आम्ही दोघांनीही वाचला नाही. आम्हाला वाटलं, त्यात काय वाचायचं, खाली जाळ लावतात, फुगतो.

बाहेर पायलट जीपवर बसून चहा पीत होता. आम्हीही एकेक घेतला. राजस्थानकडचा माणूस, मिशी अशी की तिला वेगळं तिकीट लागावं. मी म्हटलं, बघू विचारून.

"सर, कल मेरा भाई जा रहा है ऊपर. एक सीट और मिलेगी?"

"वजन कितना?"

"सत्तर."

त्याने मला वरून खाली बघितलं. "एक टांग का?"

दादा चहा फुर्रकन उडेपर्यंत हसला. पायलट म्हणाला, पहिल्या फेरीला तुझा भाऊ आणि आयोजकांचे पाहुणे नवराबायको, बस. दुसऱ्या फेरीला बघू, हवा शांत राहिली तर. ऊन चढलं की वारा सुटतो, मग बलून खाली. त्याचा तो "हवा किसी की नौकर नहीं है, भाई" मी लगेच उचलला. संध्याकाळपर्यंत मिशीसकट बसवला.

सकाळी उजाडायच्या आधीच मंडपवाला आला. त्याला विरारला लग्नाचं काम होतं. त्याने ताडपत्री काढली, बांबू काढले, आणि शिडीही टेम्पोत टाकून घेऊन गेला. म्हणाला, अकरापर्यंत परत आणतो. रांगोळी पूर्ण झालीच होती, त्यामुळे आम्हाला काही वाटलं नाही. हळूहळू उजेड आला आणि आजी दिसायला लागली. बायका हात तोंडावर ठेवून बघत होत्या. एक म्हातारे गृहस्थ टोपी काढून उभे राहिले. मला ते सहन होईना म्हणून मी चहाला गेलो.

परत येतो तर काय, बलूनचं कापड रांगोळीच्या शेजारी लांबलचक पसरलेलं, आणि दोन माणसं एक पंखा ढकलत आणतायत. घरातला पंखा नव्हे. माणसाएवढा, इंजिनवाला, पिंजऱ्यात घातलेला पंखा. बलून आधी थंड हवेने फुगवतात, मगच जाळ लावतात. हेच त्या शेवटच्या बोर्डावर होतं.

जूचंद्रात मुलं चालायला लागायच्या आधी शिकतात, रांगोळी आहे तिथे पंखा लावायचा नाही. एप्रिलमध्ये बंद हॉलमध्ये घामाच्या धारा लागतात, पण पंख्याच्या बटणाला कुणी हात लावला तर त्याच्या सात पिढ्या निघतात. सर्दी झालेल्याला दारातूनच परत पाठवतात. आणि त्याच गावच्या आम्ही दोघांनी जाऊन पंख्याच्या तोंडासमोर दोन दिवस रांगोळी काढली होती. दादाने पंखा बघितला आणि तो नुसता पुतळा झाला.

इंजिन चालू झालं. फडाफडा. पहिल्या झोतात किनार गेली, मग आजीचा एक गाल उचलला गेला. गुलाबी धूर झाला आणि पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्यांवर जाऊन बसला.

मी ओरडलो. माझ्या आवाजात ओरडलो असतो तर त्या इंजिनासमोर कुणी ऐकलं नसतं. मी मिशीच्या आवाजात ओरडलो, पोटातून. "ओए! बंद कर! बंद कर बोला ना!"

पंखेवाल्याने मागे न बघता बटण दाबलं. आवाज थांबला. खरा पायलट जीपमागून दात घासत बाहेर आला आणि इकडेतिकडे बघायला लागला, आत्ता कोण बोललं?

बरं, तो माणूस चांगला निघाला. त्याने मूठभर माती वर टाकून वारा बघितला आणि म्हणाला, बलून उलटा अंथरतो, पंखा त्या तोंडाला नेतो. पण वेळ गेला, फेरी आत्ता लगेच, नंतरचं सांगता येणार नाही. तिकडे आयोजक काका फोनवर कुणाला तरी "हो साहेब, या साहेब" करत होते. मुख्य पाहुणे निघाले होते. आणि आजी अर्ध्या गालाने बसलेली.

मला वाटलं, झालं. दादा खाली राहील, गाल भरेल. आणि त्याची जागा रिकामी. मी खोटं कशाला बोलू, माझे पाय टोपलीकडे वळलेसुद्धा होते.

दादाने माझ्या हातात रंगाची चाळणी दिली.

"तू भर."

"मी?"

"मी वरून सांगतो. तू भर."

"अरे, मी आयुष्यात कधी रंग सोडलाय का? मी वरचा माणूस आहे!"

"आज मी वरचा," तो म्हणाला, आणि गेला. मोबाईल खाली ठेवायला सांगितलं होतं, वरून पडला तर खालच्याचं डोकं फुटेल म्हणून. त्याने माझ्याच खिशात टाकला. त्या टोपलीत चढताना त्याने खाली वाकून वेताला नमस्कार केला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी उकिडवा बसलो आणि माझी पँट मागे फाटली.

बर्नर खर्रर्र करून पेटला आणि तो लाल-पिवळा डोंगर जमिनीला बांधलेल्या लांब दोऱ्यांसकट वर निघाला आणि रांगोळीच्या बरोबर वर येऊन अडला. माझ्या डोक्यावरून सावली गेली. मी वर बघितलं. दादाचं डोकं कठड्यावरून डोकावत होतं, त्याच्यामागे निळं आभाळ. मला रडायला आलं असतं, पण आजूबाजूला बायका होत्या.

मग वरून आवाज आला.

"ए कलाकाऽऽर! गाल भरतोस का वडा तळतोस?"

मैदान हसलं. मी हात थांबवला. तो आवाज मी ओळखला. ती सुरुवातीची "ए", ती "कलाकार"ची ओढ, शेवटी तो आवाज चढवणं. तो माझी नक्कल करत होता. शिडीवरून ओरडणारा मी. आणि काय सांगू, भारी करत होता. इतकी वर्षं खाली वाकून तो हेच ऐकत होता, म्हणजे त्याने तालीम केवढी केली असेल! माझं सोंग एवढं सोपं आहे हे मला माहीत नव्हतं. आणि खालून ऐकताना ते किती टोचतं, तेही.

"चाळणी पकडलीय का सूप? पाखडू नको तिला!"

"तू गप रे!" मी ओरडलो. "वर जाऊन समुद्र बघ, समुद्र!"

"समुद्र कुठं पळत नाय. डावीकडं. डावीक... " खर्रर्र. जाळ पेटला की त्याचा शब्द मधेच जळायचा. जाळ थांबला की राहिलेला अर्धा खाली यायचा. "...पातळ. आनखी पातळ. कानाकडं सोड. बोटानं नको, फुंकर नको, नुसता सोड."

मी सोडला. कालच्या मावशी शेजारी येऊन बसल्या, तोंडावर रुमाल धरून, माझा श्वास रांगोळीवर जाऊ नये म्हणून एक रुमाल माझ्या तोंडासमोरही धरून. "हळू, बाबा," त्या म्हणाल्या. "तिला दुखेल." मी त्वचेचा रंग, मग जरा तांबूस, मग सुरकुतीला काळपट, असं वरून येईल तसं टाकत गेलो. जवळून मला काही कळत नव्हतं. पावडर दिसत होती. नुसते डाग. मला पहिल्यांदाच कळलं की दादाला इतकी वर्षं हेच दिसत आलंय.

"सुरकुती वर घे. हसतेय ती."

मी वर घेतली.

"थांब!"

मी थांबलो.

"आता हात नको लावू. बाहेर ये."

मी मागे मागे सरकत प्लायवूडवरून उतरलो, एका हाताने पँट धरून. वर बघितलं तर दादा दोन्ही कोपर कठड्यावर टेकवून खाली बघत होता. बराच वेळ. जाळ पेटत होता, थांबत होता. त्याच्यामागे ऊन होतं, तोंड मला नीट दिसेना.

मग वारा आला. केळीची पानं आधी हलली, मग बलूनचं पोट आत गेलं, दोऱ्या ताणल्या. पायलटने बर्नर तोडून तोडून लावत टोपली खाली आणली. टोपली टेकायच्या आधीच रांगोळीवरून रंगाची एक लाट सरकली, जशी ओट्यावरून पिठी उडते. मी शर्ट काढून आडवा धरला, मावशींनी साडीचा पदर पसरला, काही उपयोग नाही. लाल लुगडं गावाच्या वाटेला लागलं. तेवढ्यात मुख्य पाहुण्यांची गाडी वळली. त्यांनी उतरून प्लायवूडवरच्या ढगाकडे बघितलं आणि म्हणाले, "वा, मॉडर्न आर्ट." आयोजक काकांनी टाळ्या वाजवल्या.

पायलटने मला हात हलवून सांगितलं, दुसरी फेरी रद्द. आज हवा संपली.

मी दादाला टोपलीजवळच धरलं. "कशी दिसत होती?"

त्याने केसांतून हात फिरवला. "ठीक होती."

"ठीक म्हणजे? गाल कसा होता?"

"बरा."

"बरा म्हणजे? दोन्ही गाल सारखे होते? हसताना दिसत होती? सुरकुती कळत होती?"

हे प्रश्न त्याचे आहेत. शिडीखाली उभा राहून तो हेच विचारतो आणि मी "चालेल" म्हणून जांभई देतो. आता तो पाणी पीत होता. सावकाश. घोट घोट.

मी त्याच्याबरोबर वर गेलेल्या नवराबायकोकडे धावलो. "ताई, रांगोळी बघितली का हो तुम्ही? आजीचा गाल?"

"रांगोळी?" ताई म्हणाल्या. "अय्या, होती का? आम्हाला आमची बिल्डिंग दिसली! गच्चीवरचा टँकपण दिसला!"

लोकांच्या फोनमध्ये शोधलं. सगळ्यांनी जमिनीवरून काढलेले, तिरके फोटो. आजी लांबलचक, चपटी, वर माझी फाटलेली पँट. असे बरेच निघाले. गालावर कॅमेरा कुणाचाच नव्हता.

म्हणजे मी आयुष्यात एक गाल काढला. तो अख्ख्या जगात सरळ वरून एकाच माणसाने बघितला, आणि तो माणूस नेमका हा.

अकराला मंडपवाला शिडी घेऊन परत आला. "कुठे लावू?" विचारलं.

आमच्याजवळच्या नायगावला येईपर्यंत रिक्षात मी त्याला सोडलं नाही. लाडाने विचारलं, शिव्या देऊन विचारलं, पायलटच्या आवाजात विचारलं, काकीच्या आवाजात विचारलं. "सांग ना रं लेकरा, गाल कसा होता?" रिक्षावाला हसून हसून खड्ड्यात गेला. दादा बाहेर बघत राहिला, मिठागरांकडे, जणू अजून वरच आहे.

घरी काकीने दारातच ओवाळलं. त्यालाच. "काय काय बघलास रं वरून?"

"माझा काम बघला," दादा म्हणाला. मग माझ्याकडे बोट करून, "न याचा पन."

"याचा? यानं काय केला?"

"गाल भरला."

"बरा भरला कं?"

मी चप्पल हातात घेऊन तसाच उभा राहिलो. दादाने चपला काढल्या, पाय धुतले, पंच्याने पुसले. आणि आत जाता जाता, माझ्याच आवाजात, जांभई देऊन म्हणाला, "चालेल."

त्याला मी अजून विचारतोय.